दूरच्या बातमीची साक्ष

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



या लेखाचा आरंभ एका कबुलीने करणे मला भाग आहे. काही महिन्यांपूर्वी जळगावातील आमच्या मशिदीत जुम्याच्या बयानात मी गाझाविषयी बोलत होतो. आदल्या रात्री फोनवर आलेली एक चित्रफीत मनात ताजी होती. इमारतीचा ढिगारा, उडालेली धूळ आणि त्या धुळीने माखलेल्या लेकराला छातीशी धरून धावणारा बाप. ते दृश्य मी मिंबरवरून शब्दांत उभे केले आणि ही याच आठवड्यातील घटना आहे, असेही ठामपणे सांगितले. सफांतून हुंदके ऐकू आले.

असरच्या नमाजनंतर बारावीत शिकणारा एक मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. बराच वेळ तो चटईचा धागा ओढत राहिला. मग म्हणाला, "मौलाना साहेब, नाराज होऊ नका. आपण सांगितलेली ती फीत गाझाची नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला होता, तेव्हाची आहे." त्याने फोनवर तीच फीत जुन्या तारखेसह दाखवली.

मी काय उत्तर दिले, तेही सांगतो. मी म्हणालो, "बेटा, मग काय झाले? गाझात इमारती कोसळतच आहेत. लेकरे मरतच आहेत. चित्र दुसरे असले तरी जुलूम खराच आहे ना?" मुलगा "जी" म्हणाला आणि उठून गेला. त्याने वाद घातला असता तर मी सुटलो असतो. मोठ्यांपुढे वाद घालायचा नाही, ही शिकवण आपणच मुलांना देतो. त्या दिवशी त्या शिकवणीचा आडोसा मीच घेतला.

रात्री सूरह अल-हुजुरातची तफसीर उघडली. सहाव्या आयतीत अल्लाह तआलाने ईमानधारकांना आदेश दिला आहे की, बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी एखाद्या लोकसमूहाची हानी कराल आणि केल्या कृत्यावर पस्तावाल. ही आयत मी मदरशात शिकलो आणि पुढे मुलांना शिकवलीही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्यांसाठी ती आहे, असेच मनात कोठेतरी धरून बसलो होतो. तफसीरकारांनी तिची जी पार्श्वभूमी दिली आहे, ती मात्र निराळी आहे. बनू मुस्तलिक या कबील्याकडे जकात वसूल करण्यासाठी मदीनेहून एक माणूस पाठवला गेला. कबील्याचे लोक त्याच्या स्वागताला बाहेर पडले. त्या माणसाच्या मनात जुन्या वैराची भीती होती. समोरून येणारा जमाव पाहून तो वाटेतूनच परतला आणि त्यांनी जकात नाकारली, मला ठार मारायला निघाले होते, असे मदीनेत येऊन सांगितले. सैन्य पाठवण्याची भाषा सुरू झाली. तपास केला तेव्हा कळले की, ते लोक ईमानावर कायम होते आणि जकात घेऊन वाट पाहत होते. एका भ्यालेल्या माणसाच्या बातमीवरून दोन मुस्लिम वस्त्यांत युद्ध पेटण्याची वेळ आली होती. आजच्या भाषेत हा परराष्ट्र व्यवहारच आहे.

पुढच्या जुम्याला मी मिंबरवरूनच चूक दुरुस्त केली. एका बुजुर्गांना ते रुचले नाही. बाहेर चपला घालताना ते म्हणाले, "इमामाने असे सांगितले तर उद्या त्याच्या खऱ्या बोलण्यावर तरी कोण विश्वास ठेवील?" त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. दोघा-तिघांनी नंतर मला हसत हसत विचारलेच, "मौलाना, आजची बातमी तपासून आणली ना?" पण मी गप्प बसलो असतो तर गाझाच्या खऱ्या शंभर चित्रांना खोटे म्हणणाऱ्याच्या हाती मी दिलेली एक काठी कायमची राहिली असती. जुलमाची साक्ष देणाऱ्याने खोटी साक्ष दिली की, तिचा लाभ जालिमालाच मिळतो.

काही सज्जन म्हणतील की, मुळात जगाच्या राजकारणाचा विषय मशिदीत हवाच कशाला? नमाज, रोजा, वुजूचे मसले सांगावेत. त्यांना मी सूरह अर-रूमच्या आरंभीच्या आयती वाचायला सांगेन. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात जगात दोन महासत्ता होत्या, रोम आणि इराण. इराणच्या फौजांनी इ. स. ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले. मक्का त्या युद्धापासून शेकडो कोस दूर होती, पण ती काफिल्यांची बाजारपेठ होती. आपल्या भुसावळच्या जंक्शनवर चारही दिशांच्या गाड्यांतून माणसे उतरतात आणि सोबत बातम्याही उतरतात, तसेच शाम आणि यमनच्या वाटांनी मालाबरोबर खबरा मक्केत येत. इराणी विजयाची वार्ता आली तेव्हा मूर्तिपूजक कुरैश खूश झाले, कारण इराणी ग्रंथधारक नव्हते. मूठभर मुसलमान खिन्न झाले, कारण रोमन ख्रिस्ती म्हणजे ग्रंथधारक होते. तेव्हा कुरआनने हे तुमचे काम नव्हे, असे म्हटले नाही. रोमन जवळच्या भूमीत पराभूत झाले आहेत आणि काही वर्षांतच ते विजयी होतील. त्या दिवशी ईमानधारक आनंदित होतील, असे सांगितले. दूरच्या, परक्या धर्माच्या लोकांसाठी मुसलमानाने हळहळणे कुरआनला गैर वाटलेले नाही, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी.

यापुढचा प्रसंग तिर्मिज़ी शरीफमध्ये आहे. आदरणीय अबू बकर सिद्दीक (रजि.) यांनी ही वार्ता कुरैशांना सांगितली. त्यांनी खिल्ली उडवली आणि पैज मांडली. पैजेची मनाई तेव्हा झालेली नव्हती. किती वर्षांत, असे विचारल्यावर एका रिवायतीनुसार त्यांनी पाच वर्षांची मुदत ठरवली. ती सरली, पण रोमनांची सरशी झाली नाही. पैगंबर (स.) यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की, दहाच्या आतपर्यंतची मुदत का ठेवली नाही? आयतीतील 'बिज्अ' हा शब्द अरबीत तीनपासून नऊपर्यंतच्या संख्येसाठी वापरतात. पुढे ६२२ पासून सम्राट हिरॅक्लियसने बाजी उलटवली आणि कुरआनचा शब्द खरा ठरला.

सिद्दीक-ए-अकबर यांच्या इख्लासविषयी बोलण्याची आपली योग्यता नाही. मी फक्त एवढेच पाहतो की, वार्ता साक्षात अल्लाहची होती आणि पाच हा आकडा मनातील उत्कंठेचा होता. ज्यांच्यासारखा खरा माणूस उम्मतीत दुसरा नाही, त्यांच्याबाबत जर असे घडू शकते, तर रात्री साडेअकराला डोळ्यांत पाणी आणून फोनवरची बातमी पुढे ढकलणाऱ्या तुमच्या-माझ्या आकड्यांचे काय? मनुष्याने ऐकलेले सर्व काही सांगत सुटावे, एवढे खोटेपण त्याला पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रास्ताविकातच आली आहे.

मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मनात असते तेही मत आणि पेटीत टाकतो तेही मत. महाविद्यालयात मराठी शिकताना मला याची गंमत वाटे. आता वाटते की, मुसलमानाच्या बाबतीत तिसराही अर्थ जोडावा लागेल, तो म्हणजे शहादत, साक्ष. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा हुकूम आहे. मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरोधात का जाईना.

ही साक्ष किती अवघड असते, याची एक कसोटी घेऊ. भारताने पॅलेस्टाईनला दगा दिला, असे एकजण सांगतो. भारत पूर्वीपासून आहे तिथेच आहे, असे दुसरा सांगतो. नोंदी काय म्हणतात? १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताने पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली. १९९२ मध्ये इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. २७ ऑक्टोबर २०२३ च्या आमसभेतील ठरावावर भारत तटस्थ राहिला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ. आणि १२ सप्टेंबर २०२५ ला दोन राष्ट्रांच्या तोडग्यासंबंधीच्या जाहीरनाम्याच्या बाजूने, १४२ देशांबरोबर. हे चित्र ना पहिल्याच्या रागात बसते, ना दुसऱ्याच्या समाधानात. जूनमधील तटस्थता मला पटली नाही. नागरिक म्हणून हे म्हणण्याचा मला हक्क आहे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देण्याचाही. परंतु डिसेंबर आणि सप्टेंबर झाकून ठेवून जून तेवढा दाखवला, तर ती अपुरी साक्ष झाली.

आता जे लिहितो, ते वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली, त्यांतील बहुसंख्य सामान्य नागरिक होती. सुमारे अडीचशे जणांना ओलीस नेले गेले. युद्धात स्त्रिया आणि बालकांना मारण्यास पैगंबर (स.) यांनी मनाई केली आहे, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. ती मनाई शत्रूच्या स्त्री-बालकांविषयीच आहे. आपल्यांविषयी ती सांगण्याची गरजच नव्हती. त्यानंतर गाझात जे घडले, त्यात जुलै २०२५ अखेरपर्यंत तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ६०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुसरी संख्या पहिलीला पुसत नाही आणि पहिली दुसरीला जायज ठरवत नाही.

आणि यहुदी म्हणून सरसकट साऱ्यांना शिव्याशाप देणे? आपल्याच महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. त्यांची मातृभाषा मराठी. गावोगाव तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. इस्राएलच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा जाब त्यांच्यातील एखाद्या म्हाताऱ्याला विचारावा काय? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतरचे काही दिवस बसमध्ये, बाजारात, कार्यालयात दाढी-टोपीकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, ते आपण विसरलेलो नाही. ज्या न्यायाची अपेक्षा आपण तेव्हा शेजाऱ्याकडून केली, तोच न्याय आपणही द्यायचा आहे. एखाद्या समाजाविषयीचे वैर तुम्हांला न्याय सोडायला लावू नये, हा सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश आहे.

जगाच्या राजकारणाची झळ आपल्या खानदेशाला नवी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्या काळ्या जमिनीतील कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. अमेरिका कोणत्या दिशेला आहे, हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याच्या घरात तिच्यामुळे एकदा सोने आले आणि एकदा सावकार आला. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तेच. रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून अमेरिकेने वाढवलेले आयात शुल्क २७ तारखेपासून ५० टक्क्यांवर गेले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून आपल्या सरकारने १९ तारखेपासून परदेशी कापसावरील ११ टक्के शुल्क माफ केले आणि पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. चोपडा, जामनेर, शिरपूरच्या शेतकऱ्याचा कापूस बोंडात होता आणि परदेशी कापसाला दार उघडले होते. धुळ्यातील यंत्रमागावर बसणारे माझे मामेभाऊ स्वस्त सुताच्या आशेने खूश होते, तर माझ्या सासुरवाडीचे शेतकरी भावाच्या भीतीने धास्तावले होते. एकाच दस्तरखानावर दोन मते, आणि दोन्ही पोटातून आलेली. रावेर-यावलच्या केळीचेही तसेच. ती आखाताकडे निघते आणि तिकडे क्षेपणास्त्रे उडाली की इकडे बागेत घड पिकू लागतात.

याच ऑगस्टच्या २२ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा सहभाग असलेल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. पावसाने पाडलेला नव्हे, माणसांनी नाकेबंदी करून आणलेला. व्यापार, धान्य, भूक यांचे शस्त्र करणे ही चाल जुनी आहे. मक्केच्या कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला तेव्हा पैगंबर (स.) आणि त्यांचे कुटुंबीय शिअ्ब अबी तालिबमध्ये सुमारे तीन वर्षे अडकले होते आणि भुकेल्या मुलांचे रडणे घाटीबाहेर ऐकू येत असे. पुढे काळ फिरला. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला आणि मक्केला जाणारा गहू रोखला. पैगंबरांच्या अनुज्ञेशिवाय एक दाणा जाणार नाही, असे त्यांनी कुरैशांना बजावले. मक्का त्या वेळी शत्रूची नगरी होती. कुरैशांनी नात्यागोत्याची आठवण देत मदीनेला पत्र पाठवले. इब्न हिशाम यांच्या सीरतग्रंथात आहे की, पैगंबर (स.) यांनी सुमामांना लिहून धान्याची वाट मोकळी करवली. जे स्वतः तीन वर्षे उपाशी ठेवले गेले होते, त्यांनी उपाशी ठेवणाऱ्यांच्या घरी गहू जाऊ दिला.

ही सीरत मनात ठेवून आपल्या गल्लीत या. काही कंपन्यांची शीतपेये घ्यायची नाहीत, असे आमच्या मोहल्ल्यातील तरुणांनी ठरवले. न घेणे हा ज्याचा-त्याचा अधिकार आहे. मीही घेत नाही. परंतु एका विधवा भगिनीच्या टपरीवर जाऊन त्यांनी तिच्या दोन पेट्या गटारीत ओतल्या. माल तिने उधारीवर भरलेला होता. कंपनीला तिचे पैसे आधीच पोचले होते, म्हणजे नुकसान कोणाचे झाले, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळेल. मी त्या मुलांना बोलावून घेतले. त्यांच्यातील एकजण म्हणाला, "मौलाना, आमच्या हातात दुसरे आहे तरी काय?" या प्रश्नाला माझ्यापाशी लगेच उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की, आधी त्या दोन पेट्यांचे पैसे द्या.

दुसरे काय आहे, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. देश पारतंत्र्यात, शेतकरी कर्जात. तरी अध्यक्ष जवाहरलाल नेहरू त्या मंडपात स्पेनमधील युद्धाविषयी आणि इटलीने गिळलेल्या ॲबिसिनियाविषयी बोलले. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी ही नावे प्रथमच ऐकली असतील. परंतु तो नुसता हळहळीचा विषय राहिला नाही. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आले नाहीत. जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. ते आपल्या धर्माचे नव्हते आणि ज्यांच्यासाठी गेले ते त्यांच्या धर्माचे नव्हते. त्यांनी कोणाची टपरी उलथली नाही.

भाऊ जालिम असो वा मजलूम, त्याला मदत करा, अशी बुखारीची हदीस आहे. सहाबांनी विचारले, जालिमाला मदत कशी? उत्तर मिळाले की, त्याचा हात जुलमापासून रोखणे, हीच त्याला मदत. या हदीसीच्या उजेडात मला सुदान आठवते. १५ एप्रिल २०२३ पासून तेथे सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत. एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशर शहर पडले आणि तेथे कत्तल झाली. मारणारे कलमा पढणारे, मरणारे कलमा पढणारे. आपल्या मोहल्ल्यात त्यांच्यासाठी एक फलक लागला नाही. बोट दाखवायला बाहेरचा कोणी नसला की, आपले दुःखही मुके होते काय? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला, कारण त्या अडीच वर्षांत माझ्याही दुआत सुदानचे नाव आले नव्हते.

मागील जुम्याला ते आले. नमाजनंतर एक वृद्ध विणकर माझ्यापाशी थांबले. धुळ्यात सारे आयुष्य मागावर गेले, आता मुलाकडे जळगावला असतात. म्हणाले, "मौलाना, आमीन तर म्हटले, पण हे सुदान आहे कोठे?" वुजूखान्याजवळच्या भिंतीवरील जुन्या दिनदर्शिकेचे पान मी उलटे केले आणि अरबस्तान, तांबडा समुद्र आणि पलीकडचा किनारा जमेल तसा काढला. नील नदीची रेघ मी चुकवली. चटईचा धागा ओढणारा तो बारावीचा मुलगा मागे उभा होता. त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि ती बरोबर केली.